शुक्रवारचा रविवार

इथे आमचा रविवार शुक्रवारी येतो.
रुवीच्या चर्चमधला मागचा हॉल
दुपारी दोन ते साडेतीन आमचा.
आधी तमिळ मंडळी, नंतर फिलिपिनो,
मधल्या फटीत आम्ही मराठी, सतरा माणसं,
कुणी सुट्टीवर गेलं की चौदा.

खुर्च्या मांडायचं काम माझं.
नऊ वर्षं झाली.
कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काढूनही घेतलं नाही.

मागच्या एप्रिलात शमुवेल गेला,
राहुरीच्या दवाखान्यात, पहाटे,
दीर चहाचा थर्मास घेऊन पोचायच्या आत.
हज्जाचा मुलगा भला माणूस. म्हणाला, जा,
तिकीट मी काढतो,
पण आईला एक दिवसही बाईशिवाय ठेवता येत नाही,
तुझ्या जागी जी येईल तीच मग राहील.
पंचवीस तारखेला मिरजेत एस्तेरची फी भरायची होती,
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची.
रात्रभर स्वयंपाकघरात बसले. फ्रिज घरघरत होता.
तुला विचारलं.
तू गप्प.
सकाळी मी म्हटलं, नाही जात.

हे तुझ्यावर ढकलत नाही, प्रभू.
'तुझी इच्छा' म्हणून मोकळ्या होणाऱ्यांतली मी नाही.
माझा हिशेब होता तो,
माझ्याच तोंडून गेलेला शब्द.

तिकडे माती चार वाजता, म्हणजे इथले अडीच.
फोन औषधाच्या बाटल्यांना टेकवून ठेवला.
पाळकसाहेब अर्धेच दिसत होते,
बाकी कुणाची तरी पाठ, आणि लिंबाची फांदी.
तीनला हज्जाला वळवायचं होतं.
दर दोन तासांनी कूस बदलावी लागते,
नाहीतर पाठीला जखमा पडतात.
एक हात मानेखाली, एक कमरेखाली,
गुडघ्यांमध्ये उशी, चादरीची सुरकुती सरळ.
दीड मिनिटाचं काम.
परत फोनकडे पाहिलं तर
लोक हात झटकत होते.

नणंद म्हणाली, पैशापायी नवऱ्याला मूठभर माती दिली नाही.
खरंच आहे. पैसेच होते ते.
पावती एस्तेरने फोनवर पाठवली,
मी ती अजून पुसलेली नाही.

त्यानंतर सात महिने मी गायले नाही.
पुस्तक उघडायचं, ओठ मिटायचे.
प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे बंद,
मी पंख्याची पाती मोजत.
पण पावणेदोनला येऊन
तमिळांच्या सरळ रांगा मोडायच्या,
अर्धगोल करायचा, सतरा खुर्च्यांचा,
हे चुकवलं नाही.
तुझ्याशी बोलायचं नव्हतं,
तुझ्या घरी येणं सोडायचंही नव्हतं.
नवरा-बायकोत नाही का,
अबोला असला तरी ताट वाढलं जातं.

हज्जा पडल्यापडल्याच नमाज पढते, नुसत्या डोळ्यांनी.
मी खाटेची चाकं सोडून
तिचं तोंड किब्ल्याकडे करून देते.
एकदा तिने विचारलं, तुझं भांडण मिटलं का?
मी तिला कधी काही सांगितलं नव्हतं.
मोडक्या अरबीत म्हटलं, नाही.
ती म्हणाली, माझंही आहे एक, चाळीस वर्षांचं,
सूरहून होडी घेऊन गेलेल्या पोराचं.
आणि अंगठ्याने पुढचा मणी सारला.

गेल्या शुक्रवारी दारात एक पोरगा उभा.
संगमनेरचा, पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर,
नाव शीलवंत, इस्त्रीचा शर्ट, नवी कोरी भीती.
अठरावी खुर्ची नव्हती.
तमिळांच्या थप्पीतून ओढून आणली,
एक पाय आखूड, खाली कागदाची घडी सरकवली.
गीत सुरू झालं. त्याने सूर इतका वर धरला
की सगळेच अडखळले,
आणि सावरायला म्हणून
एक ओळ मी गायले.
एकच. पुढची नाही.

साडेतीनला फिलिपिनो बाहेर थांबलेले.
अर्धगोल मोडला, रांगा सरळ केल्या,
आखूड पायाची खुर्ची पार मागे लावली.
चपला घालताना, सवयीने,
रिकाम्या हॉलकडे बघून म्हटलं,
येते.
आपल्यात निघताना जाते म्हणत नाहीत.